हौशी नाट्यमंडळाचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि फाइल नेमकी कुठे अडते

तरुण मुले आणि ज्येष्ठ नागरिक मिळून नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळांचे प्रयोगाच्या प्रमाणपत्रासाठी किंवा नाट्य स्पर्धेसाठी केलेले अर्ज परत येतात, तेव्हा नाटकाच्या दर्जाला कोणी बोटही लावलेले नसते. नाटक कोणाचे आणि संस्था कोणाची, या दोन प्रश्नांना उत्तर देणारे कागद फाइलीत नसतात, आणि नेमके तेच जमवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. नाटकवाले त्याला अजूनही ‘सेन्सॉर’च म्हणतात. अर्ज आणि शुल्क हा भाग सोपा आहे. मात्र प्रमाणपत्र मिळते ते पाठवलेल्या संहितेला, त्यामुळे नंतर तालमीत मुलांनी घातलेला नवा प्रवेश त्यात धरला जात नाही. संहिता पक्की झाल्याशिवाय अर्ज करू नये.

खरी अडचण लेखकाच्या संमतीपत्राची. स्वामित्वहक्क कायदा 1957 प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षे हक्क वारसांकडे राहतो. राम गणेश गडकरी 1919 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या नाटकांना कोणाची परवानगी लागत नाही. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या नाटकांवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत चालतो. ‘जुने नाटक आहे, कोण विचारतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता पुस्तक हाती घेण्याआधी लेखकाचे मृत्युवर्ष विचारतो. अनुवादित नाटकाला अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, तो विसरला जातो. एका मंडळाच्या फाइलीत लेखकाच्या थोरल्या मुलाचे सुवाच्य पत्र होते, पण दोन बहिणींच्या सह्या नव्हत्या. सत्तरी ओलांडलेले सचिव तेवढ्यासाठी तीनदा खेपा घालून आले. वारस एकाहून अधिक असतील तर सर्वांची संमती, किंवा एकाला दिलेले अधिकारपत्र, आधीच घ्यावे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला याच कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे, पण ती स्वामित्वहक्कापुरती आहे. तिच्या आधारावर बाकीचे कागद टळत नाहीत.

दुसरी अडचण संस्थेची. सोसायटी नोंदणी कायदा 1860 खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 प्रमाणे धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र बहुतेकांकडे असते. नसतो तो बदल अर्ज. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत तो दाखल करायचा असतो, आणि हे दिवस बदल झाला त्या तारखेपासून मोजायचे असतात; पुढच्या सभेत इतिवृत्त मंजूर झाले त्या तारखेपासून मोजणारे हमखास उशिरा पोहोचतात. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन आणि खर्चाची रक्कम भरून मुदत वाढवून मिळू शकते. ज्येष्ठांच्या मंडळात दिवंगत अध्यक्षांचे नाव वर्षानुवर्षे दप्तरी तसेच राहते, कारण घरच्यांकडे मृत्यूचा दाखला मागायला कोणाची जीभ रेटत नाही. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण हयात नसलेल्या माणसाच्या नावाने सहीचा अधिकार चालवता येत नाही. सभेची नोटीस, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रे त्याच दिवशी एका पाकिटात घालून ठेवली, तर पुढची धावपळ वाचते.

वयाचा पुरावा किरकोळ वाटतो, पण तिथेही अडते. अनेक ज्येष्ठांच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असते, कारण नोंदणीच्या वेळी फक्त वर्ष सांगितले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली, म्हणून वयोमर्यादा असलेल्या उपक्रमासाठी दाखल्याची प्रत जोडावी. अठरा वर्षांखालील कलावंतांच्या संमतीपत्रावर पालकांची सही घ्यावी. मुलाने स्वतःच वळणदार सही ठोकलेली पत्रे माझ्या हाती अनेकदा आली आहेत आणि तितक्याच वेळा परत गेली आहेत.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी नाट्य स्पर्धेत किंवा बालनाट्य स्पर्धेत उतरायचे असेल, तर प्रवेशिका निघण्याची वाट पाहत बसू नये. संमतीपत्र आणि बदल अर्ज यांना लागणारा वेळ त्या मुदतीत मावत नाही, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला तुमच्या तालमी किती रंगल्या आहेत याच्याशी काही देणेघेणे नसते.