काळपुळी नावाचे दोन रोग: एक पाठीवरचा, एक गोठ्यातला

मागच्या पावसाळ्यात आमच्या मामांच्या मानेखाली एक फोड आला. दोन दिवसांत तो लिंबाएवढा झाला, चौथ्या दिवशी त्याला तीन-चार तोंडं फुटली आणि अंगात सदरा घालणंही नको झालं. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "काळपुळी आहे. साखर कधी तपासली होती?" मामेभावाने दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या फोनवर 'काळपुळी' शोधलं आणि समोर आला अँथ्रॅक्स. पाकिटातली पांढरी पूड, जैविक अस्त्रं, मृत्यूंचे आकडे. संध्याकाळपर्यंत मामींनी मामांचं ताट-वाटी वेगळं काढलं होतं.

भावाचं काही चुकलं नव्हतं. मराठीत काळपुळी हे खरोखरच दोन रोगांचं नाव आहे. पाठीवर किंवा मानेवर येणारं बहुमुखी गळू, म्हणजे कार्बंकल, ही एक काळपुळी. जनावरांपासून माणसाला होणारा अँथ्रॅक्स ही दुसरी. जनावरं पाळणारे तिला फाशीही म्हणतात. हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. ग्रीकमध्ये 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा आणि लॅटिनमध्ये 'कार्बंक्युलस' म्हणजे छोटा कोळसा. फ्रेंच लोकांनी तर कमाल केली आहे: त्यांच्याकडे आजही 'अँथ्रॅक्स' म्हणजे पाठीवरचं गळू, आणि आपण ज्याला अँथ्रॅक्स म्हणतो त्याला ते 'शार्बाँ', म्हणजे पुन्हा कोळसाच, म्हणतात.

मामांना झाली होती ती पहिली काळपुळी. केसाच्या मुळाशी पू झाला की केसतूड होतं. शेजारशेजारची अशी अनेक केसतुडं कातडीखाली एकमेकांना मिळाली की कार्बंकल. बहुतेक वेळा कारण असतं स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, जो कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर एरवी गुपचूप राहत असतो. मानेची, पाठीची कातडी जाड, त्यामुळे पू वर यायला वाट मिळत नाही, तो आडवा पसरतो आणि शेवटी चाळणीसारखा अनेक भोकांतून झिरपतो. ठणका असा की माणूस पालथा झोपतो. मधुमेह असेल तर ही काळपुळी हमखास चिघळते, आणि पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळतं ते या फोडामुळेच. मामांचंही तसंच झालं. दुर्लक्ष केलं तर जंतू रक्तात जाऊन जीवावर बेतू शकतं. प्रतिजैविकं नव्हती त्या काळात बेततही असे. आज चीर देऊन पू काढणं, प्रतिजैविक आणि साखर ताब्यात ठेवणं एवढ्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. टॉवेल वेगळा ठेवावा, पुवाचे बोळे नीट टाकावेत. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

दुसरी काळपुळी जवळजवळ सगळ्याच बाबतींत उलटी वागते.

ती बॅसिलस अँथ्रासिस या जंतूची. गाय, म्हैस, शेळी, मेंढी चरताना मातीतले त्याचे बीजाणू, म्हणजे जंतूचं कठीण कवचातलं झोपलेलं रूप, पोटात घेते, आणि अनेकदा आजारी दिसायच्या आतच मरून पडते. नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतं. असं जनावर सोललं, कापलं, तर कातड्यावरचे किंवा रक्तातले जंतू हाताच्या ओरखड्यातून आत शिरतात. एक ते सात दिवसांत तिथे डास चावल्यासारखी खाजरी पुळी येते. मग तिच्याभोवती पाण्याचे बारीक फोड, मग मधोमध व्रण आणि त्यावर कोळशासारखी काळीकुट्ट खपली. आजूबाजूची सूज एवढी की पापणीवर पुळी असेल तर डोळा उघडत नाही. आणि दुखत मात्र नाही! पूही नसतो. खरी फसगत इथेच होते: ठणकणाऱ्या गळवासाठी माणूस धावतपळत दवाखान्यात जातो, आणि न दुखणाऱ्या काळ्या खपलीवर हळद लावून पुन्हा कामाला लागतो.

उपचारही उलटे. पहिलीला चीर द्यावी लागते, दुसरीला चाकू लावायचा नाही. कापाकापीने जंतू पसरायचा धोका असतो. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही साधी, जुनी औषधं चालतात. जंतू एका दिवसात आटोक्यात येतात, तरी खपली आपल्या गतीने काळी होत जाते, कारण जंतूंनी सोडलेलं विष आधीच मांसात भिनलेलं असतं. औषध लागू पडत नाही असं समजून ते सोडणारे इथेच फसतात.

मग अँथ्रॅक्स माणसाला किती धोकादायक? तो शिरला कुठून, यावर सगळं अवलंबून. माणसांतले 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण कातडीचे असतात. उपचार न झाल्यास त्यांतले 10 ते 20 टक्के दगावतात, वेळेत औषध मिळालं तर एक टक्काही नाही. झिंबाब्वेत 1978 ते 1980 दरम्यान दहा हजारांवर लोकांना हा रोग झाला. मृत्यू दोनशेच्या आसपास. मेलेल्या जनावराचं मांस खाऊन पोटात गेलेला अँथ्रॅक्स याहून बराच वाईट. ओडिशातल्या कोरापुटच्या आदिवासी पाड्यांमध्ये अशा घटना पुन्हा पुन्हा होतात, कारण मेलेली गाय टाकून देणं गरिबाला परवडत नाही. रोजच्यासारखं शिजवून बीजाणू मरतीलच याचा भरवसा नाही.

सर्वांत भयंकर तो श्वासातून गेलेला. आधी फ्लूसारखा ताप, थोडं बरं वाटल्याचा भास, आणि मग एक-दोन दिवसांत सगळं संपतं. अमेरिकेत 2001 साली टपालातून पूड पाठवली गेली तेव्हा 22 जणांना लागण झाली: 11 कातडीचे, 11 फुप्फुसांचे. कातडीचे सगळे वाचले. फुप्फुसांच्या 11 पैकी 5 जण आधुनिक रुग्णालयांत असूनही दगावले. 1979 मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्कला लष्करी कारखान्यातून बीजाणू हवेत सुटले आणि किमान 66 माणसं मेली. सरकार कित्येक वर्षं 'खराब मांस खाल्लं' असं सांगत राहिलं. एका रोगाचे दोन रस्ते एकमेकांत मिसळून सत्य झाकायचा हाही एक नमुना.

अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाला लागतो, ही मामींची भीती मात्र जवळजवळ निराधार. श्वासाचा अँथ्रॅक्सही रुग्णाच्या खोकल्यातून पसरत नाही. तो पसरतो मातीतून, कातड्यातून, केसांतून. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त दाढीच्या ब्रशांमुळे सैनिकांच्या गालांवर या पुळ्या उठल्या होत्या. आणि माती विसरत नाही: स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर 1942 मध्ये अँथ्रॅक्स बाँबच्या चाचण्या झाल्या, ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला 1990 उजाडलं.

म्हणूनच अचानक मेलेलं, नाकातून रक्त आलेलं जनावर उघडायचं नसतं. बंद देहात सडताना जंतू मरत जातात. कापलं की त्यांना हवा मिळते, ते बीजाणू होऊन जमिनीत मुक्काम करतात. पशुवैद्यालाही तिथे शवविच्छेदन टाळायला सांगितलेलं असतं, कानाच्या शिरेतलं थोडं रक्त तपासायला पुरतं.

मामांना डॉक्टरांनी साखर विचारली. काळपुळी दुसरी असती तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा होता: गेल्या आठ-दहा दिवसांत मेलेल्या जनावराला हात लावलात का? तो विचारला गेला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावं. शहरातल्या तरुण डॉक्टरने ती काळी खपली बहुतेक वेळा पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेली असते.