भिंतीतली भेग आणि सळईवरची भेग

गेल्या वर्षी मामेभावाबरोबर डोंबिवलीत जुने फ्लॅट बघत फिरलो. पहिल्या घराच्या हॉलमध्ये, कॉलम आणि भिंत जिथे मिळतात तिथे, वरपासून खालपर्यंत सरळ भेग होती. मामी दारातूनच म्हणाली, "नको रे बाबा, बिल्डिंगच फाटलीय." दुसरा फ्लॅट नुकताच रंगवलेला होता, सगळ्यांना आवडला. त्याच्या पॅसेजमध्ये, बाथरूमलगतच्या बीमच्या बुडाला, बीमच्या लांबीने जाणारी केसासारखी एक रेघ होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. माझी झोप उडवली ती त्या रेघेने.

आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीत भार वाहतो तो सांगाडा: स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं पायावर. मधल्या विटांच्या भिंती म्हणजे आडोसा. वीट आणि काँक्रीट उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून दोघांच्या सांध्यावर गिलावा ताणला जातो आणि फाटतो. गिलावा करण्याआधी त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकायची असते. गवंड्याने ती टाळली की दोन-चार पावसाळ्यांत ही रेघ उमटतेच. मामीला घाबरवणारी भेग हीच होती. नकाशासारखं बारीक जाळं दिसलं तर गिलाव्याला नीट पाणी मारलेलं नसतं. स्विचबोर्डपासून निघालेली सरळ रेघ वायरिंगसाठी मारलेल्या झिरीची असते. दिसायला वाईट, पण भेग खरवडून, भरून, जाळी लावून पुन्हा गिलावा केला की काम झालं.

सळईवरची भेग आतून येते. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो, आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो, सामू नऊच्या आसपास उतरतो आणि तो थर जातो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम आणखी लवकर करतात. मग पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फारसा सोसत नाही, म्हणून सळई फुगली की वरचं आवरण फुटतं, आणि फुटतं ते बरोबर सळईच्या रेषेवर. म्हणून ती रेघ बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीने धावते. पुढे तुकडा निसटतो आणि सळ्या उघड्या पडतात. बाथरूमखालचा स्लॅब, छज्जे, बाल्कनीची कड, गच्चीखालचे बीम या नेहमीच्या जागा, कारण पाणी तिथेच मुरतं.

ओळखायचं कसं? आधी भेग कशावर आहे ते बघा: भिंतीवर, की बीम, कॉलम, स्लॅबवर. मग दिशा. मग रंग: भेगेच्या कडेला तपकिरी ओघळ असेल तर आत गंज आहे, शंका नको. त्यानंतर हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने हलकेच ठोका. धड भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. फसगत होते ती इथे: नुसता गिलावा सुटला असला तरी आवाज बद्दच येतो. म्हणून बीमवर बद्द आवाज आला तर गिलावा छोट्या चौकोनात काढून खालचं काँक्रीट बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. रुंदीवर फार विसंबू नका. बँकेचं कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. ते भिंतीच्या सांध्यातल्या भेगेत सहज शिरेल आणि तरी धोका नसेल. कॉलममधल्या केसभर रेघेत ते शिरणार नाही, पण इंजिनिअर तिथेच बोलवावा लागेल. बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरकी भेग दिसली तर ती गंजाची नसली तरी इंजिनिअर बोलवायला थांबू नका.

हे सगळं आरसीसी सांगाड्याचं. जुना वाडा, विटांचा बैठा बंगला, गावाकडचं लोड बेअरिंग घर इथे भिंतच भार वाहते, त्यामुळे हिशेब उलटतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची भेग निघते. तिला गिलाव्याची भेग म्हणून बुजवू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, वर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालती आहे.

दोन्हींची गल्लत महागात पडते ती दुरुस्तीत. गंजाच्या रेघेवर पुट्टी भरून रंग मारला की घर विकण्यापुरतं छान दिसतं, आत गंज चालूच राहतो. खरं काम म्हणजे सैल काँक्रीट फोडून सळ्या मोकळ्या करायच्या, गंज घासून काढायचा, झिजलेल्या सळईला जोड द्यायची, पॉलिमर मॉर्टरने भरायचं, आणि त्याआधी वरची गळती बंद करायची. इमारत नवी असेल तर रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या, कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, स्वखर्चाने दूर करायचा असतो. जुन्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या सांगाड्याच्या तपासणीचा, अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं.

मामेभावाने दुसऱ्या सोसायटीकडे तो अहवाल मागितला, नव्हता. मग मालकाच्या परवानगीने इंजिनिअरने त्या बीमला छोटं भोक पाडून आत फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. सामू टिकून असलेलं धड काँक्रीट या रसायनाने गुलाबी होतं. इथे सळईपर्यंत काहीच गुलाबी झालं नाही, म्हणजे सळईचं संरक्षण गेलेलं होतं. त्या संध्याकाळी मामीनेच पहिल्या घराच्या मालकाला फोन लावला.