कुंद्याच्या भावाला दोनच उत्तरं का नसतात?

बेळगावहून निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत कुंदा असतो, जोडीला गोकाकचा करदंट. समजा, दोन्ही एकेक किलो घेतले आणि बिल ९०० रुपये झालं. एवढ्यावरून वेगवेगळे भाव कळत नाहीत. शेजाऱ्यानं दोन किलो कुंदा आणि किलोभर करदंट १३०० ला नेला म्हटल्यावर उलगडा होतो. कुंदा ४००, करदंट ५००. पण त्यानं दोन्ही दोन-दोन किलो १८०० ला नेले असतील, तर हाती नवं काहीच लागत नाही. आणि १७०० सांगितले, तर दोन्ही बिलांना लागू पडेल असा भावच नाही.

म्हणजे उकल एक, अगणित किंवा एकही नाही. नेमक्या दोन का नसाव्यात? माझ्या मते रेषीय समीकरणं शिकवताना पहिल्याच दिवशी विचारावा असा हा प्रश्न आहे. धरून चला की ४००-५०० ही जोडी सगळ्या बिलांत बसते आणि ५००-४०० सुद्धा बसते. मग मधली ४५०-४५० बसणारच, कारण दोन समान बिलांची सरासरी तेवढीच येते. आता ४००-५०० आणि ४५०-४५० यांच्या मधली जोडी घ्या. तीही बसते. हे कधी संपतच नाही. जिन्नस पन्नास असोत, बिलं शंभर असोत, दोन उत्तरं सापडली की अगणित सापडलीच.

समीकरणात अज्ञाताचा वर्ग आला की हे मोडतं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त घातलेलं कोडं पाहा. वानरांच्या कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग, इतके वानर रानात खेळतात, उरलेले १२ डोंगरावर आहेत. कळप १६ चा किंवा ४८ चा, दोन्ही चालतात. मधला ३२ घेऊन बघा. ३२ चा आठवा हिस्सा ४, त्याचा वर्ग १६, अधिक १२ म्हणजे २८. जमत नाही!

मग जास्तीत जास्त किती? फ्रेंच गणिती बेझू यांनी १७७९ मध्ये हिशेब मांडला. जितके अज्ञात तितकी समीकरणं असतील आणि उकली मोजता येण्याजोग्या असतील, तर त्या समीकरणांच्या कोटींच्या (कोटी म्हणजे समीकरणातला सर्वांत मोठा घात) गुणाकारापेक्षा जास्त नसतात. दहा अज्ञातांची दहा वर्गसमीकरणं म्हणजे १०२४ पर्यंत. दोन लंबवर्तुळं चार ठिकाणी छेदू शकतात, पण खानापूरच्या माळावर दोन खुंट्यांना बांधलेल्या म्हशींची वर्तुळं फार तर दोनच ठिकाणी. वर्तुळाचंही समीकरण दुसऱ्याच कोटीचं, मग बाकीचे दोन बिंदू कुठे गेले? ते अनंतावर आहेत, काल्पनिक संख्यांच्या (ज्यांचा वर्ग ऋण येतो अशा) प्रदेशात, आणि जगातलं प्रत्येक वर्तुळ त्याच दोन बिंदूंतून जातं.