पानांच्या अर्काने अल्सर बरा होतो, हे खरंच 'सिद्ध' झालंय?

अमुक झाडाच्या पानांचा अर्क अल्सर बरा करतो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. प्रयोग बहुधा खरे असतात. निष्कर्ष मात्र वाटेत बदलतो.

नेहमीची चाचणी अशी: उपाशी उंदराला आधी अर्क पाजायचा, तासाभराने तीव्र अल्कोहोल किंवा इंडोमेथासिनसारखं वेदनाशामक द्यायचं. मग जठर उघडून व्रण मोजायचे आणि ओमेप्राझोलसारखं पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध दिलेल्या उंदरांशी ताडून पाहायचे. इथे तपासलं जातं ते संरक्षण. झालेला व्रण भरून येतो का, हे पाहायला ॲसिटिक ॲसिडने आधी व्रण करून मग अर्क देतात. ती चाचणीच वेगळी.

शिवाय माणसाच्या अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. जिवाणूचा हा संबंध दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्कोहोलच्या चाचणीत तो जिवाणू कुठेच नसतो! त्याला संपवायला अँटिबायोटिक्सच लागतात.

आणि अर्क म्हणजे घरी वाटलेला रस नव्हे. वाळलेली पानं बऱ्याचदा मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवून तो काढतात, आटवतात आणि वजनानुसार मोजून देतात. मूठभर पाला चावून तो डोस जुळणार कसा?