लोककथा आणि दंतकथा: सफोकच्या दोन गोष्टींवरून

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. एक टॉम टिट टॉट नावाच्या काळ्या, शेपटीवाल्या, खुज्या जीवाची. दुसरी ब्लॅक शक या भुताळी काळ्या कुत्र्याची. दोन्हींत जिवावरचे संकट आहे, दोन्ही तोंडातोंडी चालत आल्या आहेत, आणि मराठीत आपण दोहोंनाही सरसकट ‘लोककथा’ म्हणून मोकळे होतो. कॅथरिन ब्रिग्ज यांनी १९७०-७१ मध्ये ब्रिटिश लोककथांचा चार खंडांचा कोश सिद्ध केला, तेव्हा मात्र त्यांनी दोन खंड लोककथांना आणि दोन खंड दंतकथांना दिले. त्यांच्या वाटणीप्रमाणे टॉम टिट टॉट ही लोककथा ठरते आणि ब्लॅक शक ही दंतकथा. ही विभागणी केवळ कोशाच्या सोयीची आहे असे मला वाटत नाही, कारण गोष्ट कशी सांगायची आणि ऐकणाऱ्याने ती कशी घ्यायची, हे दोन्ही तिच्यावरच ठरते.

मराठी वाचकाची आधी एक अडचण दूर करायला हवी. ‘ती निव्वळ दंतकथा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘त्यात काही तथ्य नाही’ असेच आपल्याला सुचवायचे असते. येथे तो अर्थ बाजूला ठेवावा. लोकसाहित्याच्या अभ्यासात दंतकथा म्हणजे जी घडली म्हणून सांगितली जाते ती कथा; ऐकणाऱ्याने ती मानली की नाही, हा पुढचा प्रश्न. लोककथेत असा दावा सांगणारा मुळात करतच नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते.

टॉम टिट टॉटची गोष्ट १८७८ साली इप्सविचच्या एका वृत्तपत्रात सफोकच्या बोलीत छापली गेली आणि १८९० मध्ये जोसेफ जेकब्ज यांनी आपल्या इंग्रजी परीकथांच्या संग्रहात ती पहिल्या क्रमांकावर घेतली. तिची सुरुवात पाहण्यासारखी आहे. एक बाई सारण भरलेले पाच ‘पाय’ (इंग्रजी ‘pie’, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) भट्टीत भाजते. ते जास्त भाजले जाऊन त्यांचे कवच कडक होते. ‘फडताळात ठेव, ते परत येतील,’ असे ती मुलीला सांगते. तिकडच्या बोलीत याचा अर्थ कवच पुन्हा मऊ पडेल, एवढाच. मुलगी मात्र शब्दाला धरून चालते: परत येणारच असतील तर आत्ता खाल्ले म्हणून काय बिघडले? ती पाचही फस्त करते. आई दारात सूत कातत बसून, लेकीने पाच ‘पाय’ खाल्ल्याचे गाणे गाऊ लागते. तेवढ्यात रस्त्याने राजा येतो आणि काय गातेस म्हणून विचारतो. लाजेपोटी ती गाणे फिरवते: माझ्या लेकीने आज पाच लडी सूत कातले! राजा भारावून मुलीशी लग्न करतो, पण अटीवर. अकरा महिने हवे ते खावे, ल्यावे. बाराव्या महिन्यात रोज पाच लडी काताव्या, नाहीतर जीव गमवावा. मग खिडकीशी तो शेपटी फिरवणारा काळा जीव येतो आणि सूत कातून देण्याच्या बदल्यात आपले नाव ओळखण्याचा पण लावतो. रोज रात्री तीन अंदाज, आणि महिनाअखेर नाव चुकले तर राणी त्याची. जुन्या खडूच्या खाणीत एक विचित्र प्राणी चरख्याशी बसून स्वतःचे नाव गात होता, हे शिकारीहून परतलेला राजा सहज बोलून जातो, आणि राणी वाचते.

या गोष्टीत राजाला नाव नाही, गावाला नाव नाही, साल नाही. मराठीतल्या ‘आटपाट नगरा’सारखेच हे स्थळ आहे, ते नकाशावर शोधायचे नसते. म्हणूनच अशी गोष्ट सहज स्थलांतर करते. स्कॉटलंडमध्ये त्या जीवाचे नाव व्हपिटी स्टूरी होते, कॉर्नवॉलमध्ये टेरीटॉप, जर्मनीत रुम्पेलस्टिल्टस्किन. कथेचा सांगाडा मात्र तोच राहतो.

ब्लॅक शकच्या बाबतीत पहिल्याच वाक्यात तारीख येते: ४ ऑगस्ट १५७७. त्या दिवशी वादळ चालू असताना बंगे गावच्या चर्चमध्ये काळा कुत्रा शिरला आणि प्रार्थनेत गुडघे टेकलेली दोन माणसे त्याने मारली, असे अब्राहम फ्लेमिंग याने त्याच वर्षी एक पुस्तिका छापून सांगितले. ब्लिथबर्गच्या चर्चवरही तोच प्रसंग त्याच दिवशी ओढवला, असे म्हणतात. तिथल्या उत्तरेकडील दारावरचे जळके ओरखडे आजही कुत्र्याच्या पंजांच्या खुणा म्हणून दाखवले जातात. वीज पडली असेल, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्तही आहे. परंतु अशी शंका घ्यावीशी वाटते, हेच दंतकथेचे लक्षण आहे. टॉम टिट टॉट खरोखर होता का, असे कोणी विचारत नाही.

अद्भुत किती आहे यावरून हा भेद ठरत नाही, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा वेल्समधल्या बेडगेलर्ट गावात आहे, आणि तो आपल्याला फार जवळचा आहे. तेराव्या शतकातला राजा लिवेलिन शिकारीहून परततो. पाळणा उलथलेला आहे, बाळ दिसत नाही, आणि लाडका कुत्रा गेलर्ट रक्ताने माखलेल्या तोंडाने सामोरा येतो. राजा त्याला जागीच ठार करतो. मग पाळण्याखाली सुखरूप बाळ आणि बाजूला मेलेला लांडगा सापडतो. मराठी वाचकाने ही गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. फक्त कुत्र्याच्या जागी मुंगूस, लांडग्याच्या जागी साप आणि राजाच्या जागी ब्राह्मणाची बायको. पंचतंत्रातली ही कथा पश्चिमेकडे जाताना तिच्यात मुंगुसाचा कुत्रा झाला, आणि मध्ययुगीन युरोपच्या कथासंग्रहांतून ती पार वेल्सपर्यंत पोहोचली. पंचतंत्रात ब्राह्मण कोणत्या गावचा, हे कोणालाच नको होते. वेल्समध्ये तिला राजाचे नाव मिळाले, कुत्र्याचे नाव मिळाले, आणि अखेर थडगेही मिळाले. ग्लास्लिन नदीकाठच्या कुरणातली ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास डेव्हिड प्रिचर्ड नावाच्या स्थानिक खानावळवाल्याने उभी केली, असे मानले जाते. गावाचे नाव बहुधा एका प्राचीन संताच्या नावावरून आलेले आहे. घटनाक्रम जवळजवळ तोच राहिला, पण कथेची जात बदलली. मला स्वतःला हे उदाहरण कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवते.

कथनकलेचा प्रश्नही येथूनच सुरू होतो. लोककथा सांगणारा सुरुवातीचे ठरीव बोल उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला रोजच्या जगातून बाहेर नेतो. तीन अंदाज, तीन रात्री, पुन्हा पुन्हा येणारे गाणे ही त्याची अवजारे. ती स्मरणाला आधार देतात आणि श्रोत्यांना पुढचे शब्द आधीच ओठांवर आणू देतात. स्कॉटलंडच्या भटक्या ट्रॅव्हलर समाजात ही कला फार काळ टिकली. १९२८ मध्ये लॉख फाइनच्या काठी तंबूत जन्मलेले डंकन विल्यमसन हे त्या परंपरेतले विख्यात कथेकरी. एडिंबरो विद्यापीठात १९५१ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन संस्थेच्या संशोधकांनी अशा कथेकऱ्यांचे आवाज मोठ्या कष्टाने ध्वनिमुद्रित केले. त्या श्रमांचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे, कारण छापील पानावर कथेकऱ्याचा थांबा उतरत नाही.

दंतकथा सांगणाऱ्याने असा थाट मांडला तर ती कोसळते. ती बोलण्याच्या ओघात येते: आमच्या आजोबांनी पाहिले होते, त्या वळणावरच, मी काही शपथ घेत नाही. साक्षीदार, जागा, खूण आणि थोडी स्वतःची शंका, एवढ्यावर ती उभी असते. ती अनेकदा दोन-चार वाक्यांत संपते आणि तिचा खरा विस्तार पुढच्या वादात होतो.

ईशान्य इंग्लंडच्या वेअर नदीकाठी लॅम्टनच्या अजस्र सर्पाची कथा सांगतात. लॅम्टन घराण्याच्या तरुण वारसाने रविवारी मासे धरताना गळाला लागलेला विचित्र किडा विहिरीत टाकला आणि तो वाढत वाढत टेकडीला वेढे घालू लागला, अशी ती कथा. काट्यांचे चिलखत, विजयानंतर प्रथम भेटेल त्या जीवाला मारण्याचा नवस आणि तो मोडल्याने नऊ पिढ्यांना लागलेला शाप हे तिचे तपशील लोककथेच्या भांडारातले आहेत. तरीही ती टेकडी पेन्शॉची की फॅटफील्डजवळची वर्म हिल, यावर तिथली माणसे अजून एकमेकांशी भांडतात.