जातं की चक्की: लॅपटॉपऐवजी क्रोमबुक घेताना

घाटंजी तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी नोव्हेंबर लागला की मधल्या खोलीत कापूस भरला जातो आणि भाव चढेपर्यंत तिथंच राहतो. त्याच खोलीत भाचीचा लॅपटॉप होता. यंदा तो दहा मिनिटांत तापून बंद पडायला लागला. मागचं झाकण उघडलं तर पंख्यामागच्या धातूच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा जाड थर बसलेला. हवा जायला वाटच नव्हती. हार्ड डिस्कही शेवटचे दिवस मोजत होती.

"मामा, आता काहून दुरुस्त करता? नवाच पाहा, पण स्वस्तातला पाहा जी," भाची म्हणाली. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्यासाठी मी क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोम ओएस या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, पाहायला लागलो. हे यंत्र नेहमीच्या लॅपटॉपहून इतकं स्वस्त का, हे नीट समजून घेतल्याशिवाय कुणी ते विकत घेऊ नये, असं माझं मत आहे.

पूर्वी घरोघरी जातं होतं. आता आपण दळणाचा डबा चक्कीवर नेतो. नेहमीचा लॅपटॉप जात्यासारखा आहे: सॉफ्टवेअर घरात, फायली घरात, दळायची मेहनतही घरातच. क्रोमबुक दळण चक्कीवर पाठवतं. कागदपत्रं, ई-मेल, तक्ते दूरच्या मोठ्या संगणकांवर राहतात आणि आपल्या हातात मुख्यतः एक ब्राउझर, म्हणजे वेबसाइटची पानं उघडणारं सॉफ्टवेअर, असतो. म्हणून घरात दणकट दगड लागत नाही. पण चक्की बंद असेल तर पीठही मिळत नाही.

ब्राउझरला हे बळ एका दिवसात आलं नाही. सुरुवातीला तो फक्त पानं दाखवायचा. २००४ साली जीमेल आलं आणि पानाच्या आत एक अख्खं सॉफ्टवेअर चालू शकतं हे सगळ्यांना दिसलं. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला. पानांमधली जावास्क्रिप्ट (पानांना हलतं-बोलतं करणारी सूचनांची भाषा) थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारं इंजिन त्यात होतं, त्यामुळे वेग खूप वाढला. पुढच्याच वर्षी गुगलनं क्रोम ओएस जाहीर केली आणि जून २०११ मध्ये पहिली क्रोमबुकं बाजारात आली. त्यांच्या पोटात लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीचाच गाभा आहे. २०२३ पासून काही क्रोमबुकं चेन्नईजवळच्या कारखान्यातही तयार होऊ लागली.

या प्रणालीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती स्वतःच्या दोन प्रती ठेवते. एका प्रतीवर काम चालू असतं आणि नवं अपडेट गुपचूप दुसरीवर लिहिलं जातं. पुढच्या वेळी यंत्र चालू केलं की ते नव्या प्रतीवर जातं, आणि तिच्यात बिघाड निघाला तर जुनीवर परततं. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर अपडेट चालू असताना लाईट गेली आणि यंत्र पुन्हा उठलंच नाही, हा प्रकार आमच्याकडे अनेकांनी भोगला आहे. इथं तो धोका फार कमी. शिवाय चालू होताना यंत्र आपल्या प्रणालीची डिजिटल सही तपासतं. कुणी आत ढवळाढवळ केली असेल तर सही जुळत नाही. आणि ही प्रणाली विंडोज नसल्यामुळे पेन ड्राइव्हमधून गावभर फिरणारे विंडोजचे व्हायरस इथं चालत नाहीत.

चक्कीची उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. पानं उघडून चालवण्याचं काम आपल्याच यंत्रात होतं. क्रोम बहुतेक टॅबचं, म्हणजे उघडलेल्या पानांचं, काम वेगवेगळं चालवतो. त्यामुळे एक टॅब कोसळला तरी बाकीचे उभे राहतात, पण प्रत्येकाला आपापली रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, लागते. ४ जीबी रॅममध्ये एक व्हिडिओ, एक दस्तऐवज आणि चार-पाच टॅब चालतात. पुढे यंत्र रॅममधला मजकूर दाबून दाबून बसवायला लागतं आणि धाप लागल्यासारखं होतं. बहुतेक स्वस्त क्रोमबुकांत रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. आज ४ घेतली तर ४ च राहणार. दोन-चार हजार जास्त गेले तरी ८ जीबीच घ्या. साठवण ६४ जीबी पुरते. प्रोसेसरच्या आकड्यांत फार गुंतू नका.

रॅमपेक्षाही महत्त्वाची एक तारीख आहे, जी दुकानदार सांगत नाही. प्रत्येक क्रोमबुकला स्वयंचलित अपडेट कधीपर्यंत मिळणार हे ठरलेलं असतं. २०२१ पासून आलेल्या प्लॅटफॉर्मना (ज्या मूळ रचनेवर मॉडेल बनतं ती) दहा वर्षं मिळतात, पण ही दहा वर्षं प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात, आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नाही. २०२१ चा प्लॅटफॉर्म असलेलं यंत्र आज कोऱ्या खोक्यात मिळालं तरी त्याची मुदत २०३१ च्या आसपास संपते. जुनं घेत असाल तर तिथंच सेटिंगमध्ये 'क्रोम ओएसविषयी' या भागात तारीख पाहा. नवं घेताना मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि गुगलच्या यादीत शोधा.

आता आमच्या भागातल्या हवेचं. बरीच स्वस्त क्रोमबुकं बिनपंख्याची असतात. प्रोसेसर इतकी कमी वीज घेतो की धातूच्या पत्र्यातून उष्णता पसरली तरी भागतं. पंखाच नाही, मग कापसाचे तंतू ओढणार कोण? ४५ वॅट-तासांची बॅटरी नऊ तास चालली तर सरासरी वापर ५ वॅट झाला. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्बही याहून जास्त घेतो. भारनियमनाच्या दिवसांत हा हिशोब मोठा आहे. मात्र मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ अंशांच्या वर जातात आणि बहुतेक लॅपटॉप-क्रोमबुकं ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र सोसत नाही. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवू नका.

ज्यांनी क्रोमबुक घेऊच नये, अशीही माणसं गावात आहेत. सेवा केंद्र चालवणाऱ्यानं घेऊ नये. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी उपकरणं आणि डिजिटल सहीचे टोकन यांची सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोजसाठी असतात. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या अडत्यानंही घेऊ नये. ज्यांच्या जुन्या मराठी फायली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत त्यांना अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल. आधी रूपांतर करून घ्यावं लागेल. नव्यानं मराठी लिहायला अडचण नाही, सेटिंगमध्ये मराठी कळफलक जोडता येतो. जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र तपासून घ्या. त्यातले काही पानाची आखणी स्वतः करत नाहीत, ती विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सोडतात.

जुना लॅपटॉप अजून धड असेल तर नवं घेण्याआधी दुसरा विचार करा. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून असंख्य चांगली यंत्रं अडगळीत चालली आहेत. त्यांच्यावर क्रोम ओएस फ्लेक्स, म्हणजे साध्या लॅपटॉपसाठीची क्रोम ओएस, फुकट टाकता येतं. हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान साठवण) बसवली तर पाच-सात वर्षांचं यंत्रही तरतरीत चालतं. फ्लेक्सवर प्ले स्टोअरची अ‍ॅप्स मिळत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

भाचीला मी आधी एक आठवडा वहीत नोंद ठेवायला लावली: लॅपटॉपवर काय काय करते, आणि ते करताना घरात रेंज किती असते. नोंदी बोलक्या निघाल्या. नोट्स, ऑनलाइन तासिका, शिष्यवृत्तीचा अर्ज, वडिलांचा सातबारा काढणं, सगळं ब्राउझरमधलंच. अडचण फक्त संध्याकाळी, सात ते नऊ, जेव्हा गावातले सगळे फोन एकाच टॉवरवर तुटून पडतात. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये ४८० पी दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो, लिहिण्याला मात्र जवळपास काहीच लागत नाही. म्हणून व्हिडिओ सकाळी आणि लिहिणं संध्याकाळी, असं तिनंच ठरवलं. महिन्याचं अपडेट काहीशे एमबीचं असतं, ते कॉलेजच्या वायफायवर.

शेवटी ८ जीबीचं, बिनपंख्याचं क्रोमबुक घेतलं. घरी आणल्यावर आधी गुगल डॉक्समधली ऑफलाइनची सोय चालू केली, कारण ती नेट असतानाच चालू करावी लागते. मग मी फोनचा हॉटस्पॉट बंद केला आणि तिला लिहायला सांगितलं. तिनं निबंधाचं अर्धं पान लिहिलं. हॉटस्पॉट पुन्हा लावल्यावर तेच अर्धं पान तिच्या फोनवर दिसलं. क्रोमबुक आता समोरच्या खोलीत, खिडकीजवळ असतं. मधल्या खोलीत अजून कापूस आहे.