ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची: खान्देशातल्या ग्राहकांसाठी, शेतकऱ्यांसाठी आणि छोट्या दुकानदारांसाठी

बियाणं उगवलं नाही, ठिबकचा पंप महिन्याभरात बसला, ऑनलाइन मागवलेला मोबाइल बंद निघाला, दुकानाला आग लागली आणि विमा कंपनीने दावा फेटाळला. अशा वेळी आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "जाऊ द्या भाऊ, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार!" कोर्ट म्हटलं की वकिलाची फी, तारखा आणि मुंबई-पुण्याच्या चकरा डोळ्यांपुढे येतात. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून यातल्या बऱ्याच अडचणी कायद्यानेच दूर केल्या आहेत. कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. धडगावच्या माणसाने ऑनलाइन काही मागवलं आणि फसगत झाली, तर त्याने नंदुरबारला यायचं आणि कंपनीनेही तिथेच येऊन उत्तर द्यायचं. जुन्या कायद्यात फक्त आपण इथे राहतो एवढ्या कारणावर हे जमत नव्हतं.

तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. वकील लावलाच पाहिजे असं बंधन नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं.

ग्राहक कोणाला म्हणायचं

पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून वस्तू वा सेवा घेणारा तो ग्राहक. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेणारा मात्र ग्राहक नाही. हे वाक्य वाचून छोटे व्यावसायिक मागे फिरतात, आणि मला सर्वात जास्त वाईट याचंच वाटतं. कारण त्याच कलमाचं स्पष्टीकरण पुढे सांगतं की, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हे खुलासेवार सांगितलं. माणूस ते यंत्र स्वतः चालवत असेल, मदतीला एखाद-दोन जण असतील, तरी तो ग्राहकच राहतो. म्हणजे घरी पापड करून विकणाऱ्या ताईंचं पापड मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याचं शिलाई मशीन हे सगळं यात बसतं. दहा-पंधरा कामगार ठेवून चालवलेला कारखाना बसत नाही.

फक्त ही गोष्ट अर्जात लिहावी लागते. "सदर मशीन मी केवळ माझ्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतले असून ते मी स्वतः चालवते," हे वाक्य नसेल तर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो आणि चांगली तक्रार तेवढ्यावरून अडकते.

दुकानाच्या विम्याचंही तसंच. विमा नफा कमावण्यासाठी नसतो, नुकसान भरून निघावं म्हणून असतो, त्यामुळे व्यापाऱ्याने काढला म्हणून तो आपोआप व्यापारी हेतूचा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या निकालात सांगितलं आहे. तेव्हा आगीचा किंवा चोरीचा दावा नाकारला गेला तर दुकानदारही आयोगाकडे जाऊ शकतो.

शेतकऱ्याचा प्रश्न तर २०१२ मध्येच सुटला. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

इथे एक फरक मात्र नीट ध्यानात घ्या, कारण रावेर-यावल भागात हा गोंधळ फार होतो. व्यापाऱ्याने केळी कापून नेली आणि पैसे बुडवले, तर तो ग्राहक आयोगाचा विषय नाही. त्या व्यवहारात तुम्ही विकणारे आहात. त्यासाठी बाजार समितीकडे लेखी तक्रार, फसवणूक असेल तर पोलीस ठाणं, आणि वसुलीसाठी दिवाणी दावा हे रस्ते आहेत. तसंच तुम्ही माल तयार करून मोठ्या कंपनीला देता आणि ती बिल थकवते, तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत. पुढच्या प्रत्येक दिवसाला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळत असली तरी थकबाकीचा हा फायदा मिळत नाही.

मुदत आणि फी

तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबून राहू नका. कंपनीशी ईमेल, फोन, पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. नुकसान झालं त्या तारखेपासून मोजलेलं सगळ्यात सुरक्षित.

वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. इथे बघायचं ते तुम्ही मोजलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. समजा केळीच्या टिश्यू रोपांना ९० हजार दिले आणि बाग गेल्याने नुकसान झालं ६ लाखांचं. आयोग आणि फी ठरते ती ९० हजारांवर. ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १००० रुपये.

कागद

माझ्या अनुभवात प्रकरणाचं भवितव्य इथेच ठरतं, सुनावणीत नाही.

पहिलं म्हणजे बिल. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" हे वाक्य आपण गावोगाव ऐकतो आणि चारशे-पाचशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतो. नंतर तो माल त्याच दुकानातून घेतला हे सिद्ध करताना घाम फुटतो. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, त्यामुळे मागताना संकोच करू नका. बिल नसेलच तर निदान यूपीआयने पैसे द्या आणि त्या नोंदीचा पुरावा जपून ठेवा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही छापील ओळ सदोष मालाला लागू पडत नाही. बिलावर वेगळी मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

बियाण्याच्या बाबतीत थोडं जास्त सांगतो. पिशवी खालच्या बाजूने फोडायची, म्हणजे वरची शिलाई, सील आणि टॅग शाबूत राहतात. टॅग निळा असेल तर बियाणं प्रमाणित, हिरवा असेल तर सत्यप्रत, म्हणजे त्याच्या गुणवत्तेची ग्वाही कंपनीने स्वतः दिलेली असते. टॅगवरचा लॉट नंबर आणि बिलावरचा लॉट नंबर काउंटरवरच जुळवून बघा. घाईच्या दिवसांत दुकानदार दुसराच लॉट लिहितो आणि पुढे कंपनीला सुटायला तेवढी फट पुरते. रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं ठेवून द्या.

उगवण झाली नाही तर दुबार पेरणीसाठी शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी आणि पंचनामा करते. त्या अहवालाची प्रत मागून घ्या. आयोगापुढे याच्याइतकं वजनदार दुसरं काही नसतं. पाऊस चुकेल या भीतीने आधी वखर फिरवला की पुरावा मातीत जातो. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढाच, पण फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. मूठभर बियाणंही उरलं नसेल तरी खचून जाऊ नका. शेतकऱ्याने आणलेलं सगळं बियाणं पेरलेलं असणार, त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्याच २०१२ च्या निकालात आहे.

केळीच्या रोपांवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आला तर प्रकरण अवघड जातं. हा रोग माव्यामुळेही पसरतो, म्हणून रोपवाटिकावाले "रोग तुमच्या शेतात लागला" असं म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाची पाहणी लवकर करून घेतली नाही, तर पुढे हा दावा टिकवणं कठीण.

एकाच लॉटचं बियाणं गावातल्या अनेकांना लागलं असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. प्रत्येकाची बिलं आणि सातबारा मात्र जोडा.

अर्ज

आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करून बघा. ऑनलाइन खरेदी, मोबाइल, कुरिअर यांच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मिटलं नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पाठवा. तुम्ही संधी दिली होती हे कागदावर येतं. साध्या मराठीत, काय घेतलं, काय बिघडलं, काय हवं आणि १५ दिवसांची मुदत, एवढं पुरे.

तक्रार अर्जात तुमचं आणि विरुद्ध पक्षांचं पूर्ण नाव-पत्ता, तारखांच्या क्रमाने हकिकत, तक्रारीचं कारण कधी आणि कुठे घडलं, दिलेली रक्कम आणि नेमकी मागणी लिहायची. मागणीत आकडे हवेत: किमतीची परतफेड इतकी, नुकसान इतकं, त्रासापोटी इतकं, अर्जाचा खर्च इतका. 'योग्य ती भरपाई मिळावी' एवढ्यावर भागत नाही. नुकसानीचा हिशोब कशावरून काढला तेही दाखवा, जसं की शेजारच्या शेतातलं त्याच वाणाचं उत्पन्न आणि बाजार समितीचा त्या काळातला भाव.

सोबत शपथपत्र, कागदांची क्रमवार यादी, बिल, वॉरंटी कार्ड, नोटीस आणि पोस्टाची पोच, ओळखपत्र. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जोडायचं असेल तर नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्रही लावा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ सुनावणीला न्या. जितके विरुद्ध पक्ष तितके जादा संच.

अर्ज आयोगाच्या कार्यालयात देता येतो किंवा ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. ऑनलाइन भरला तरी छापील संच तयार ठेवा. शिरपूर, मुक्ताईनगर, तळोदा अशा लांबच्या तालुक्यांतल्या लोकांसाठी आणखी एक सोय आहे: अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीला हजर राहता येतं.

पुढे काय होतं

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरतं, आणि तुमचं ऐकून घेतल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. मग समोरच्याला नोटीस जाते. तडजोडीला वाव दिसला तर दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जातं. किरकोळ रकमेत मध्यस्थी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मालाची तपासणी लागत नसेल तर ३ महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो, ती तयारी मनात ठेवा.

दुकानदाराला नोटीस आली तर

"माल कंपनीचा, माझा काय संबंध?" असं म्हणून पाकीट बाजूला ठेवणारे दुकानदार सगळ्यात जास्त अडचणीत येतात. लेखी जबाबाला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवले तर आणखी १५. या ४५ दिवसांच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं. त्यानंतर प्रकरण एकतर्फा चालतं. जबाबात तुम्ही माल सीलबंद विकला हे लिहा, डिस्ट्रिब्युटरकडून घेतल्याचं खरेदी बिल लॉट नंबरसकट जोडा, आणि तक्रारदाराने कंपनीला पक्षकार केलं नसेल तर करावं अशी मागणी करा. त्यासाठी खरेदीची बिलं निदान तक्रारीची २ वर्षांची मुदत उलटेपर्यंत फाइलला हवीत. कृषी केंद्रवाल्यांनी तर साठा रजिस्टरही रोजच्या रोज लिहावं.

निकाल लागल्यावर

आदेशाची पहिली प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते. अपील राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत करायचं. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपील झालं नाही आणि तरीही समोरचा पैसे देत नसेल, तर त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज द्या. कलम ७१ खाली आदेशाची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार आणि कमाल १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा अर्ज करताना आदेशाची प्रत, ती समोरच्याला मिळाल्याचा पुरावा आणि व्याजासह बाकी रकमेचा तक्ता सोबत लावा.